प्रश्न उद्भवत नाही

पर्वरीला, सभागृहाच्या मधोमध, आमचं टेबल.
दहा मिनिटं माझी, मग दहा नाझारेथबायची,
मग पुन्हा माझी.
पेन्सिली दोन, एक मोडली तर.
बावीस वर्षं मी लोकांचं बोलणं
आकड्या-रेघांत पकडतो
आणि घरी जाताना विसरतो.
नोकरीचा हा भाग कुठे लिहिलेला नाही, पण आहे.

तारांकित प्रश्न एकोणीस.
(अ) व्हडलेंभाट आऊटपोस्टसमोर बसलेल्या बायकांवर
बळाचा वापर झाला, हे खरे आहे काय?
किमान बळ.
(आ) जखमी किती?
किरकोळ.
संख्या विचारली होती. किरकोळ ही संख्या नव्हे.
पण मी टिपतो, तपासत नाही.

(इ) याकूब शिंप्याच्या शटरवर जे रंगवलं गेलं
आणि आत जे जाळलं गेलं,
त्याची नोंद द्वेषातून घडलेला गुन्हा अशी झाली काय?
मंत्रिमहोदयांनी पान उलटलं.
अशी वर्गवारी अस्तित्वात नाही.
(ई) नसल्यास, धोरण आखणार काय?
प्रश्न उद्भवत नाही.

माझ्या वहीत ह्याला एकच खूण:
एक आडवी रेघ, शेवटी खाली वळलेली,
झोपलेल्या माणसाच्या पावलासारखी.
इतक्यांदा लागते, की बोटं
मंत्री उभे राहायच्या आधीच ती काढून मोकळी होतात.

आत काय जळलं, ते कोणी विचारलं नाही.
मला ठाऊक आहे. माझ्या धाकट्याची शाळेची विजार तिथे होती,
कच्च्या टाक्यांसकट,
आणि खुंटीवर आऊटपोस्टच्याच तीन वर्द्या,
काखेत उसवलेल्या.
वर्द्यांची भरपाई परिशिष्ट दोनमध्ये आहे,
रुपये, पैसे.

उपप्रश्न: लाठी कमरेखाली मारायची असते ना?
नियम तसा आहे.
मग मनगट कमरेखाली कसं आलं?
त्या बसल्या होत्या, अध्यक्ष महोदय.
मी लिहिलं: हशा.
हशा कोणत्या बाकांवरून, हे लिहायची पद्धत नाही.

तेव्हाच वर, प्रेक्षक गॅलरीत, मार्शल वाकला.
हातवारे करू नयेत, अशी तिथे पाटी आहे.
पिएदाद, आमच्या खाडीवर तिसऱ्या काढणारी,
दुसऱ्या रांगेत, चर्चला जायचा झगा घालून,
आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये
कोपरात वळून असा उभा,
जणू तिला काही विचारायचं आहे.
बाई, हात खाली.
ती नुसती बघत राहिली.
हात खाली घ्या, बाई.
मग ती बोलली, मोठ्याने नव्हे,
मासळी बाजारात भाव सांगतात तितक्याच आवाजात:
“तो तुमीच वयर केला न्हय, बाबा?”

माझ्या दहा मिनिटांतलं सातवं मिनिट चालू होतं.
गॅलरीतलं बोलणं आम्ही ऐकत नसतो.
मी ऐकलं.
नाझारेथबायने टेबलाखालून पायाला पाय लावला.
मी लिहिलं.

अध्यक्ष म्हणाले, कामकाजातून वगळा.
वगळलेल्या जागी आम्ही चांदण्या छापतो.
छापील प्रतीत, पान एकशे चार,
किमान बळाच्या खाली
तिच्या तीन चांदण्या आहेत.
तारांकित प्रश्न म्हणतात तो कुठला,
हे मला त्या दिवसापासून नीट सांगता येत नाही.

शनिवारी ओहोटीला ती पाण्याच्या कडेला उभी,
डाव्या हाताने चिखल उकरणाऱ्या सुनेला
जागा दाखवत.
मला बघून म्हणाली, बरयलें मरे?
मी म्हटलं, बरयलें.
कुठे, ते तिने विचारलं नाही.

आमच्या वह्या वर्षभर कपाटात ठेवतात,
मग यंत्रात घालतात.
अजून सात महिने आहेत.